घाऊक प्लगइन बसविण्याची नारायण पेठी पद्धत

(नवशिक्यांसाठी. जाणकारांनी वाचल्यास हरकत नाही, मध्येच बोलल्यास आहे.)

प्रयोजन

पुण्यातल्या नारायण पेठेच्या बोळांतून पूर्वी छापखान्यांची खडखड ऐकू यायची. आता त्याच माड्यांवर बसून लोक संकेतस्थळे करतात. गिऱ्हाईक मात्र तेच आहे: प्रकाशक, क्लासवाले, मंगल कार्यालये, दिवाळी अंकाचे संपादक. प्रत्येकाला 'आमचं जरा वेगळं' हवे असते आणि चौकशी केल्यावर प्रत्येकाला संपर्काचा फॉर्म, फोटो, पैसे भरायची सोय आणि 'गूगलवर आम्ही वर दिसलो पाहिजे' एवढेच हवे असते. म्हणजे प्रत्येक वर्डप्रेस स्थळावर तीच ती प्लगइन बसवायची. नाव शोधा, बटण दाबा, थांबा, चालू करा, पुन्हा शोधा. हा उद्योग दर गिऱ्हाइकाला नव्याने करणाऱ्याला कष्टाळू म्हणतात. तसे म्हणवून घ्यायची इच्छा नसेल तर पुढील सूचना पाळाव्यात.

सूचना १ : आधी कागद घ्यावा

संगणक बंद ठेवावा. कागदावर प्लगइनांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर ते कशासाठी, हे एका ओळीत लिहावे. 'असू द्या, लागेल कधीतरी' हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही. 'अमेरिकेतल्या एका व्हिडिओत सांगितलंय' हे तर मुळीच नाही.

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केले. प्लगइनांची सोय २००४ मध्ये आली. आज अधिकृत भांडारात ५० हजारांहून अधिक प्लगइन आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. 'फुकट' हा शब्द वाचून आपला हात पुढे गेला असेल तर तो मागे घ्यावा. प्लगइनची किंमत पुढे स्थळाच्या वेगात, अद्यतनांत आणि रात्री येणाऱ्या फोनांत मोजावी लागते.

यादी लहान ठेवण्याची या पेठेत परंपरा आहे. छापखान्यात जोडाक्षरे आणि मात्रा धरून देवनागरीच्या खिळ्यांचा पसारा शेकड्यांत जायचा आणि जुळाऱ्याचा दिवस खिळे शोधण्यातच सरायचा. केसरीच्या छपाईसाठी हा आकडा खाली आणायचा ध्यास खुद्द लोकमान्यांनी घेतला होता. पुन्हा पुन्हा वापरायचा संच आधी कमी करायचा असतो, हे केसरीवाड्याच्या शेजारी राहून तरी आपल्याला कळायला हवे.

सूचना २ : एका कामाला एकच

स्थळ वेगाने उघडावे म्हणून कॅशेची दोन प्लगइन बसविणारे नवशिके आढळले आहेत. दोन बसविल्याने वेग दुप्पट होत नाही. पानांच्या कॅशेसाठी वर्डप्रेसने एका ठरावीक नावाच्या एकाच फाइलची जागा ठेवली आहे. दोघेही त्याच जागेवर हक्क सांगतात आणि भाडेकरू-मालक खटला आपल्या स्थळावर चालतो. गूगलसाठीची दोन प्लगइन ठेवलीत, तर दोघेही पानाची ओळख आपापल्या परीने करून देतात. बॅकअपचेही एकच ठेवावे, पण त्याची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नये. एवढे सांगावे लागू नये, तरी सांगितले.

सूचना ३ : प्रत्यक्ष बसविणे

मार्ग तीन आहेत.

पहिला सभ्य लोकांचा. वर्डप्रेसच्या अधिकृत स्थळावर खाते काढून आवडत्या प्लगइनांवर खूण करावी. मग कोणत्याही नव्या स्थळाच्या डॅशबोर्डवर आवडीच्या कप्प्यात आपले खातेनाव घातले की यादी समोर येते. शोधायचे कष्ट वाचतात, पण बटण प्रत्येकासमोर वेगळे दाबावे लागते. घाऊक चालू, बंद किंवा अद्यतन करायची सोय डॅशबोर्डवर आहे. भांडारातून घाऊक आणायची नाही.

दुसरा मार्ग संच बाळगणाऱ्या प्लगइनचा. त्यात यादी एकदा जमवायची आणि प्रत्येक नव्या स्थळावर ती मागवायची. प्लगइन बसविण्यासाठी आधी एक प्लगइन बसवावे लागते, यात कोणाला विनोद दिसल्यास तो त्याने स्वतःपाशी ठेवावा. काम झाल्यावर ते प्लगइन काढून टाकावे. अस्ट्रा ही दहा लाखांहून अधिक स्थळांवर चालणारी थीम पुण्यातल्याच ब्रेनस्टॉर्म फोर्सची. त्यांच्या तयार नमुन्यांतला एखादा निवडला की त्याला लागणारी प्लगइन आपसूक येतात. सोय उत्तम आहे. मात्र काय काय आले हे नंतर मोजावे, नमुन्यातले फोटो बघत बसू नये.

तिसरा मार्ग काळ्या खिडकीचा, म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआयचा. आज्ञा अशी : 'डब्ल्यूपी प्लगइन इन्स्टॉल', पुढे एकेक जागा सोडून सगळी नावे, शेवटी दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'अ‍ॅक्टिव्हेट'. टंकताना रोमन लिपीच वापरावी. अस्मिता इथे चालत नाही. चहा येईपर्यंत संच बसलेला असतो.

नावे मात्र भांडारातल्या पत्त्यात असतात तीच द्यावीत, पाटीवरची नव्हेत. 'योस्ट एसईओ' हे प्लगइन पत्त्यात 'वर्डप्रेस-एसईओ' या नावाने नांदते. 'योस्ट' म्हणून हाक मारलीत तर यंत्र म्हणेल, असे कोणी सापडले नाही. मग उरलेली बसवून, सात नावे दिली असतील तर, शेवटी सातांपैकी सहाच बसल्याचा हिशेब देईल. ही शेवटची ओळ वाचावी. ती न वाचता खिडकी बंद करणाऱ्यांमुळेच या व्यवसायाचे नाव खराब झाले आहे.

नावांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ओळीला एक याप्रमाणे ठेवावी. तोच आपला संच. विकतची प्लगइन भांडारात नसतात. त्यांची झिप फाइल द्यावी लागते आणि परवान्याची किल्ली प्रत्येक स्थळासाठी तपासावी लागते. एका परवान्यावर सगळी पेठ चालवू नये.

सूचना ४ : हात लावणाऱ्या मालकांसाठी

काही मालकांना डॅशबोर्ड दिसला की स्वच्छतेची हुक्की येते. 'हे काय आहे कळलं नाही म्हणून बंद केलं' असा फोन येण्याआधी अत्यावश्यक तुकडे 'एमयू-प्लगइन्स' या फोल्डरमध्ये ठेवावेत. तिथली फाइल आपोआप चालते आणि डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. मात्र त्या फोल्डरातल्या उपफोल्डरमध्ये वर्डप्रेस डोकावत नाही आणि तिथल्या गोष्टींच्या अद्यतनाची आठवणही करून देत नाही. म्हणजे जबाबदारी आपली. जबाबदारी नको असल्यास मालकाला पासवर्ड देऊ नये.

सूचना ५ : मराठी स्थळाची खास अडचण

परदेशी याद्यांत ही सापडणार नाही. पानाला मराठी मथळा दिला की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवते. पत्त्याला साठवणीत २०० जागा आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात नऊ जागा अडवते. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. 'मंगल कार्यालय आरक्षण व नियमावली' असा मथळा दिलात तर पत्ता 'मंगल-कार्यालय-आरक्षण-व-नि' इथे तुटतो. नियमावलीतले नियम गेले, 'नि' उरला. शिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागते आणि वधूपित्याला वाटते आपला फोन हॅक झाला.

यावर प्लगइन मिळते. घेऊ नये. पत्त्याच्या चौकटीत हाताने 'बुकिंग' असे रोमन लिपीत लिहावे. चार सेकंद लागतात.

सूचना ६ : पान पांढरे पडल्यास

घाऊक बसविले तर घाऊक बिघडते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि प्रयोग स्थळाच्या प्रतीवर करावा. तरीही पान कोसळले तर घाबरू नये, गिऱ्हाइकाला फोन तर करूच नये. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी चालकाला मेल पाठवते आणि आत शिरायची वाट देते. मेल आला नाही तर होस्टिंगच्या फाइलींत 'प्लगइन्स' फोल्डरचे नाव बदलावे. सगळी प्लगइन एका झटक्यात बंद होतात. डॅशबोर्डवर प्लगइनांचे पान एकदा उघडावे, मगच नाव पूर्ववत करून निम्मी चालू करावीत. चालले तर दोषी उरलेल्या निम्म्यांत, मग त्यांचे निम्मे. सात प्लगइन असतील तर दोन-तीन फेऱ्यांत चोर सापडतो. चाळीस असतील तर आपण सूचना १ पाळलेली नाही.

सूचना ७ : संच शिळा होतो

'डिस्प्ले विजेट्स' नावाचे सुमारे दोन लाख स्थळांवरचे निरुपद्रवी प्लगइन २०१७ मध्ये मूळ कर्त्याने विकले. नव्या मालकाने त्यातून लोकांच्या स्थळांवर जाहिरातबाज मजकूर घुसवला आणि अखेर ते भांडारातून काढून टाकावे लागले. ज्यांच्या याद्यांत ते होते, त्यांनी काहीही चूक केली नव्हती. यादी एकदा करून पुन्हा पाहिली नव्हती, इतकेच. म्हणून दर दिवाळीला, अंकांची कामे आटोपल्यावर, संचातले प्रत्येक नाव भांडारात उघडून पाहावे : शेवटचे अद्यतन कधीचे, कर्ता तोच आहे का, दार बंद तर झाले नाही ना.

नेहमीच्या शंका

'तुम्ही सातच टाकलीत, समोरच्याने चाळीस दिलीत' असे मंगल कार्यालयाचे मालक म्हणतील. त्यांना सांगावे, 'काका, पैसे सातांचे नाहीत, तेहेतीस न टाकण्याचे आहेत.'

'मग काम पाच मिनिटांचं, पैसे कसले?' असेही ते म्हणतील. त्यांना सूचना १ चा कागद दाखवावा, देऊ नये.

शेवटची सूचना : हा संच आपल्या हाताखालच्या कोणालाही वापरू द्यावा. त्यातले नाव कमी करायची मुभा सर्वांना आहे. वाढवायचे असल्यास कारण लेखी द्यावे.