सीलबंद बेसूर

नव्या तारेवर संशय घेणं आपल्याकडे सभ्यपणाचं मानत नाहीत. गिटार बेसूर वाजली की आधी वाजवणाऱ्याची बोटं, मग त्याचा कान आणि शेवटी शेजाऱ्यांचं नशीब, या क्रमाने दोष वाटला जातो. तारेपर्यंत वाटा पोचतच नाही. ती तर कालच पाकिटातून निघालेली असते!

पण तारेत खोट असते, आणि ती फार संभावित असते. तार मोकळी छेडा, ट्यूनरचा हिरवा दिवा लागतो. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक काढा, तोही चोख. तिथेच तार दाबली की मात्र सूर घसरतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असेच आहेत. मोकळेपणी बोलतात तोवर सज्जन. हिशेबाबद्दल जरा दाबून विचारलं की भलतंच बोलू लागतात.

बारावा फ्रेट तारेचे दोन समान भाग करतो. दोन्हींचं वजन सारखं असेल तरच वरचा षड्ज जागेवर सापडतो. सर्वांत बारीक तारेची जाडी साधारण 0.254 मिलिमीटर. तिचा ब्रिजकडचा अर्धा भाग फक्त एक टक्का, म्हणजे अडीच मायक्रॉन, जाड निघाला तरी बाराव्या फ्रेटवरचा सूर आठ-नऊ सेंट उतरतो. (शंभर सेंटांचा एक अर्धस्वर.) जाड तारांत पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असल्याने खोटीला लपायला आणखी जागा. माझी चौथी तार याच कुळातली निघाली. ब्रिजचा स्क्रू फिरवून बारावा फ्रेट जुळवला, तर पाचवा रुसला. स्क्रू लांबी बदलतो, वजन नाही.

सोळाव्या शतकातले युरोपातले ल्यूटवादक अधिक सावध होते. त्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, त्यामुळे खोट गृहीतच. तार दोन हातांत ताणून छेडायची. दोन स्वच्छ रेषा दिसल्या तर खरी, धूसर गर्दी दिसली तर खोटी. हे मी दुकानदाराला सांगितलं.

"दादा, सीलबंद माल आहे. फोडता नाही येणार."

"मग खराब निघाली तर बदलून द्याल?"

"वापरलेली तार परत घेत नाही."

"वापरल्याशिवाय कळणार कसं?"

"म्हणून तर सीलबंद देतो."

या युक्तिवादापुढे हात टेकून मी दुसरा संच घेतला. हा निर्दोष निघाला. विजयाला साक्षीदार हवा म्हणून बाबांना हाक मारली. बाबा गाणारे, त्यांचा तानपुरा पांढरी दोनमध्ये लागतो आणि गिटारची चौथी तारही नेमक्या त्याच स्वराची.

"बाराव्याचं राहू दे," ते म्हणाले. "चौथ्यावर दाब."

दाबली.

"गांधार चढा आहे."

ट्यूनरवर हिरवा दिवा होता. बाबांनी ट्यूनरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी खर्जाची तार छेडली आणि तिच्यातून आपोआप उमटणारा गांधार ऐकवला. खरंच, माझा चढा होता, चौदा सेंट. आठ-नऊ सेंटांसाठी मी दुकानात भांडलो होतो आणि घरातल्या निर्दोष तारेवर चौदाचा घोटाळा राजरोस चालू होता.

कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवतात. ल्यूटवर असे पडदे 18:17 या प्रमाणात बसवण्याचा हिशेब विन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 मध्ये मांडला. हे गॅलिलिओचे वडील. मुलाने पृथ्वी जागची हलवली, वडिलांनी गांधार.

"सतारीचा पडदा सरकवता येतो," बाबा म्हणाले. "याचे सरकतात?"

"नाही."

"आणि ती आधीची तार दाबली की उतरायची ना?"

"हो."

"मग फेकलीस कशाला? तिच्यावर गांधार थोडा तरी जागेवर आला असता."