जुनंच टाकून द्या

संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाला 'नवीन काय आलंय ते टाक' असं सांगणारं घर माझ्या तरी पाहण्यात नाही. 'आधीचंच टाकून दे रे बाबा' असं सांगणारी मात्र पुष्कळ. मोबाइल नवा हवा, टीव्ही नवा हवा, विंडोज मात्र जुनीच बरी. नवी विंडोज दुसऱ्याच्या घरी बघायला छान वाटते.

ही मागणी सगळ्यांत जोरात होती ती २००७-०८च्या सुमाराला. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ला बाजारात आली आणि पुढची पाच वर्षं तिच्या जागी दुसरी आलीच नाही. इतक्या काळात माणसं हातानेच ओळखायला लागली की कुठे काय आहे. मग ३० जानेवारी २००७ला व्हिस्टा आली. चौकटी काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या, सावल्या मऊ, सगळं देखणं. पण एक्सपीचं किमान ६४ एमबी मेमरीत भागायचं, व्हिस्टाला किमान ५१२ लागायची, आणि काचेचा थाट हवा तर एक जीबी. शिवाय तिचा स्वभाव संशयी. घड्याळाची वेळ बदलायला गेलं तरी सगळा पडदा काळवंडायचा आणि विचारणा व्हायची की हे तुम्हीच करताय ना? खुर्चीत मी एकटाच, खोलीत दुसरं कोणी नाही, तरी विचारणार. ॲपलने यावर जाहिरातच काढली होती. तीत पीसी झालेल्या माणसामागे काळा चष्मा लावलेला अंगरक्षक उभा, आणि तो प्रत्येक वाक्यागणिक विचारतो की याला परवानगी द्यायची की नाकारायची. सुरक्षेच्या दृष्टीने ही विचारणा योग्यच होती, हे आता सगळेच मान्य करतात. पण सुरक्षेसाठी केलेली चौकशी कुणाला आवडली आहे?

तेव्हा ठरलं, एक्सपी टाकायची. इथून पुढे जे होतं ते पाहण्यासारखं असतं.

वर चढायला अक्कल लागत नाही. 'नेक्स्ट' दाबत जायचं, मध्ये एकदा 'मला मान्य आहे' असं न वाचता मान्य करायचं, आणि चहा घेऊन येईपर्यंत आपण पुढच्या जमान्यात. व्हिस्टावरून एक्सपीवर उतरायला असं बटण नव्हतं. उतरायचं म्हणजे फॉरमॅट मारायचा. फॉरमॅट मारायचा म्हणजे आधी सगळं डी ड्राइव्हला न्यायचं. लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशोब. सगळं नेल्यावर, फॉरमॅट मारून झाल्यावर, कुणाच्या तरी लक्षात येतं की डेस्कटॉपवरच्या फाइली राहिल्या. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच राहतो, हे ज्ञान घरात साधारण याच मुहूर्तावर येतं.

एक्सपीची सीडी घातली की पडदा निळा व्हायचा. हा निळा शुभ. पण थोड्या वेळाने दुसरा निळा यायचा, पांढऱ्या इंग्रजी मजकुराचा, तो अशुभ. कारण असं की नव्या संगणकातली हार्ड डिस्क साटा जातीची, आणि तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर २००१च्या सीडीत नाही. एक्सपीच्या मते या संगणकाला हार्ड डिस्कच नव्हती. त्यावर तिने सुचवलेला उपायही तिच्या काळाला शोभणारा होता. सुरुवातीलाच एफ-सहा दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घाला. आणि नव्या संगणकाला ए ड्राइव्हच नाही! मग तो दुरुस्तीवाला मुलगा बायोसमध्ये शिरायचा, डिस्कची एएचसीआय पद्धत बदलून जुनी आयडीई करायचा, आणि नव्या डिस्कला जुन्या डिस्कचं सोंग घ्यायला लावायचा. घरातली मंडळी त्याच्याकडे आदराने बघायची. पाहुणचारात चहाबरोबर बिस्किटंही यायची ती इथे.

पुढे पडदा सांगायचा, अजून अंदाजे ३९ मिनिटं. जगभरच्या संगणकांवर एक्सपी सुरुवातीला हाच आकडा दाखवायची, आणि शेवटची काही मिनिटं पहिल्या तिसांपेक्षा लांब असायची. मग ती हिरवी टेकडी दिसायची. हा फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियात सोनोमा भागात काढलेला. टेकडी दिसली की घरात हायसं वाटायचं. पण आवाज नाही, अक्षरं भलीमोठी, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी प्रश्नचिन्हं रांगेत उभी. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि ड्रायव्हर इंटरनेटवर. शेवटी शेजाऱ्यांच्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये आणायचा. शेजाऱ्यांकडे व्हिस्टा असायची.

मराठी माणसाला यात आणखी एक भर. व्हिस्टात देवनागरी आपोआप दिसायची. एक्सपीत ती दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एका चौकोनात खूण करायची, आणि तीही सीडी पुन्हा घातल्यावरच मान्य व्हायची. तोवर मराठी मेल उघडली की ओळीच्या ओळी रिकामे डबे. जुनं परत आणलं या आनंदात मायबोली गेल्याचं दोन-चार दिवस कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

एवढा खटाटोप करायलाही सर्वांना मुभा नव्हती. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या महागड्या आवृत्त्या घेणाऱ्यांनाच परवान्यानुसार एक्सपी प्रोफेशनलवर उतरता यायचं. घरगुती आवृत्तीवाल्याने पुढेच राहायचं. जास्त पैसे दिलेत तर मागे जाण्याचा हक्क, ही कल्पना ज्याला सुचली तो व्यापारी नक्कीच मुरलेला असणार. २००९ साली अमेरिकेत एका बाईंनी या प्रकरणी मायक्रोसॉफ्टवर दावाच गुदरला. नव्या लॅपटॉपवर एक्सपी घेण्यासाठी त्यांना ५९ डॉलर २५ सेंट वेगळे मोजावे लागले होते. त्याआधी २००८मध्ये एक्सपीची विक्री बंद होऊ नये म्हणून इन्फोवर्ल्ड या नियतकालिकाने सह्यांची मोहीम काढली होती आणि दोन लाखांहून जास्त सह्या जमवल्या होत्या. तरी ३० जून २००८नंतर दुकानातल्या नव्या संगणकांवर ती सहसा मिळेनाशी झाली.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक गंमत केली. व्हिस्टाला नावं ठेवणारी, पण ती फारशी न वापरलेली माणसं सॅन फ्रान्सिस्कोत बोलावली आणि त्यांना 'मोहावी' नावाची अगदी नवी प्रणाली दाखवली. मंडळी खूश. आम्हाला हीच पाहिजे, म्हणाली. मग सांगण्यात आलं की ही व्हिस्टाच आहे. लोकांचा राग पूर्वग्रहाचा आहे हे सिद्ध झालं, असं कंपनीला वाटलं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या संगणकांवर सगळं आधीच नीट बसवलेलं होतं, आणि दाखवणारा माणूस शेजारी उभा होता. कुणाला आपला जुना प्रिंटर जोडायचा नव्हता, कुणाला गेल्या वर्षीची फाइल सापडवायची नव्हती. नव्या घराचं स्वयंपाकघर बघायला गेलेली बाई ओट्याचं कौतुकच करते. मिठाचा डबा कुठे ठेवलाय हा प्रश्न तिला तिथे राहायला गेल्यावर, फोडणी करपत असताना पडतो.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं यांचा जुना संसार पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटची. २००४मध्ये ॲडोबीने पुढचं काम थांबवलं. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मंगलाष्टकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागे लावायचं लॉक, तेही काहींचं जाड्या प्रिंटर पोर्टचं, जे नव्या संगणकाला नाहीच. म्हणून मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचं पालनपोषण थांबवलं तरी छापखान्यांच्या कोपऱ्यात ती चालूच राहिली. 'ह्याला नेट लावायचं नाही' अशी चिठ्ठी मॉनिटरवर चिकटवली की झाली सुरक्षा. खरं सांगायचं तर याहून चांगली सुरक्षा त्या संगणकाला देताही आली नसती.

पुढे येणाऱ्यांनी शहाणपण शिकावं, तर विंडोज ८मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं. लोक ते शोधत बसले आणि वर्षभरात ते परत आणावं लागलं. विंडोज १०च्या वेळी पुढे नेण्याचा आग्रह इतका, की २०१६मध्ये सूचनेची चौकट कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून बंद केली तरी तिला होकारच समजलं जाई. चढायला नकार हाही होकार, आणि उतरायचं तर परवाना दाखवा.

आता मुदत सुटसुटीत आहे. विंडोज १० सुरुवातीला मागे जायला ३० दिवस द्यायची, नंतर ते १० केले, आणि ११मध्येही तेवढेच आहेत. १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा बरीच मंडळी सध्या या दहा दिवसांतून जात असतील. त्यांना एवढंच सांगणं: सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं एक भलंमोठं फोल्डर दिसेल. जागा खातंय म्हणून लगेच पुसू नका. परत जायचा रस्ता त्यातूनच आहे. आधी प्रिंटर जोडून बघा, जुनी मराठी फाइल उघडून बघा, बँकेचं काम होतंय का ते बघा. आणि हे सगळं पहिल्या आठवड्यातच करा, कारण दहा दिवसांनंतर संगणक ते फोल्डर स्वतःच पुसून टाकतो, आणि तेव्हा तो कुणाला विचारत नाही.