एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मोठी संख्या आपल्या दारात आली, की समजावं, काहीतरी उकळायला आली आहे. कर्जाची थकबाकी घ्या, सोन्याचा भाव घ्या, नाहीतर सोसायटीच्या गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च. १४२८५७ मात्र निर्लोभी. तिची एकच हौस: कुणीतरी आपल्याला गुणावं.

२ ने गुणा, २८५७१४. ३ ने, ४२८५७१. पुढे ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. माणसं तीच, क्रमही तोच. फक्त पुढचे उठून मागे जाऊन बसलेले. ७ ने गुणलं, की सगळे गायब आणि सहा नव्वे हजर: ९९९९९९. ८ ने गुणल्यावर ११४२८५६ येतात आणि आपल्याला वाटतं, सापडली एकदाची! पण पुढचा १ उचलून उरलेल्या १४२८५६ मध्ये टाका. बाई जागेवर. मधोमध तोडून १४२ आणि ८५७ ची बेरीज केली तर ९९९, म्हणजे थेट साडीच्या सेलमधला भाव.

यात जादूटोणा नाही. १ ला ७ ने भागायला बसा. भाग काही संपत नाही. १, ३, २, ६, ४, ५ याच बाक्या आळीपाळीने उरतात आणि पुन्हा १ वर गाडी येते. म्हणून उत्तर ०.१४२८५७१४२८५७... असं फिरत राहतं. शाळेत पाय म्हणून घोकलेल्या २२/७ मध्येही दशांशचिन्हापलीकडे हीच बसलेली होती. पण आमची ओळख कुणी करून दिली नाही.

करून दिली असती ती देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे करून २०४०८ आणि १२२४४९ मिळवा, पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जग आज कापरेकर संख्या म्हणतं. हिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने हिला पूर्ण भागही जातो. असल्या संख्यांचं ‘हर्षद’ हे बारसंही मास्तरांचंच. इथल्या पंडितांना हा पोरखेळ वाटे. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने मास्तरांवर लिहिलं, तेव्हा खेळाला भाव आला.

तेव्हापासून नाही, पण बरेच दिवस मी प्रत्येक सहा आकडी ओटीपी आशेने बघतो. दहा लाखांत या घराण्यातले सहाच.

परवा कुरिअरवाला दारात उभा होता. मोबाईल बघून मी म्हणालो, “छे, आजही नाही.”

“काय नाही, काका?”

मी सांगितलं. त्याने मोबाईलवर ७ ने गुणलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग ९ ने गुणलं, १२८५७१३. पुढचा १ मागे मिळवल्यावर २८५७१४ आले, तेव्हा तो उंबरठ्यावरच बसला. आतून बायकोने विचारलं, “पार्सल घेताय की त्याला घरजावई करून घेताय?”

एवढ्यात ओटीपीची मुदत संपली.

“काका, नवा मागवू?”

“मागव की. कुणी सांगावं, येईलही घराण्यातलं एखादं.”