गाडी येऊन राहिली

‘रन म्हणजे धावणे’ एवढे एकच ज्ञान पदरी बांधून मी सुमारे सव्वा महिना अत्यंत सुखात काढला, आणि इंग्रजी ही एक सोपी, सरळ व सज्जन भाषा असून साहेबाविषयी आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी उगीचच गैरसमज करून घेतला आहे, अशी माझी त्या काळात जवळजवळ खात्री होत आली होती. १९५८-५९ चा तो सुमार. दारव्ह्याची कवेलूंची शाळा, बाहेर पऱ्हाटीवर कोसळणारा श्रावण, आणि आत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तपकिरीचा सडा घालीत बसलेले आमचे इंग्रजीचे मास्तर. कुत्रा धावला, घोडा धावला, राम धावला. तोवर सर्व क्षेमकुशल होते. पुढच्या सोमवारी मास्तरांनी फळ्यावर पाच वाक्ये लिहिली, आणि मी ती प्रामाणिकपणे अशी उतरविली : त्या मुलाचे नाक धावत आहे, हा रस्ता दारव्ह्याहून दिग्रसला धावतो, ह्या लुगड्याचा रंग धावतो, माझे काका पैशांच्या बाहेर धावले, आणि वेडेपणा त्यांच्या कुटुंबात धावतो. मास्तरांनी माझी वही सबंध वर्गाला मोठ्याने वाचून दाखविली, आणि शेवटच्या वाक्याशी येऊन त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तीवरून हे भाषांतर नसून निरीक्षण असावे, असा पुष्कळांचा ग्रह झाला.

त्या दिवसापासून मी ह्या क्रियापदाचा कायमचा प्रतिवादी झालो. नुसता ‘रन’ असेपर्यंत एक वेळ त्याच्याशी तडजोड होऊ शकते. परंतु त्याला मागून एखादे चिमुकले अव्यय चिकटले की त्याच्या स्वभावाचा काही भरवसा उरत नाही. ‘इन्टू’ लागले की जुना मित्र वाटेत अवचित भेटतो, ‘ओव्हर’ लागले की तोच मित्र मोटारीखाली सापडतो, ‘डाउन’ लागले की त्याची चारचौघांत निंदा होते, ‘अप’ लागले की त्याच्या डोक्यावर कर्ज चढते, आणि ‘अवे’ लागले की सावकाराच्या हातावर तुरी देऊन तो गावातून पसार होतो. एका अव्ययाच्या फरकाने मनुष्याच्या उभ्या जन्माचा निकाल लावणारे असे क्रियापद दिवाणी कोर्टातसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

पुढे कळत्या वयात, म्हणजे कळण्याचा उपयोग संपल्यावर, ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची हकीकत वाचनात आली तेव्हा माझ्या बालपणीच्या अपयशाला केवढा मोठा पूर्वाधार होता हे ध्यानी येऊन मला विलक्षण समाधान झाले. त्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत बहुअर्थीपणाचा मान ‘सेट’ ह्या क्रियापदाकडे होता : ४३० अर्थ, आणि ते उलगडून सांगण्यास लागलेला मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. आता मोल्सवर्थ साहेबाने १८५७ च्या आवृत्तीत मराठीचा जो थोर कोश सिद्ध केला त्यातील शब्दांची संख्याही सुमारे साठ हजारच आहे. म्हणजे साहेबाला आमच्या सबंध भाषेत जेवढे शब्द सापडले, तेवढे शब्द त्याला घरच्या एका क्रियापदाची समजूत घालण्यातच खर्ची घालावे लागले. परंतु ‘सेट’चे हे सिंहासनही टिकले नाही. नव्या, तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे एक कोशकार ‘रन’पुढे बसले, नऊ महिने बसले, आणि ६४५ अर्थ घेऊन उठले. नऊ महिन्यांचा हा काळ निसर्गनियमाला धरून आहे, ह्यात शंका नाही. पण प्रसूतीनंतर इतक्या लेकरांची मोजदाद करणाऱ्या त्या गृहस्थाच्या धैर्याला, पाचव्या वाक्यालाच गारद झालेल्या मजसारख्याने हात जोडावेत हेच योग्य.

आता गंमत अशी की, ज्या लोकांच्या भाषेत नळ धावतो, नाटक धावते, कारखाना धावतो, एवढेच नव्हे तर शेताचे कुंपणसुद्धा, ज्याचे सारे कर्तव्य एका जागी उभे राहण्यात सामावले आहे, तेही बिचारे धावते, त्याच लोकांनी आमच्या जिल्ह्याला जी आगगाडी दिली तिच्याइतकी न धावणारी वस्तू भूतलावर दुसरी नसेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा अडीच फुटी लोहमार्ग किलिक निक्सन कंपनीने घातला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सुरू झाला. माणसांची ने-आण हा त्यातला उपचार. खरा मतलब वऱ्हाडच्या कापसाशी. येथल्या जिनात सरकीपासून सुटलेली रुई, प्रेसमध्ये आवळलेल्या गठाणी, त्या मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबई गाठायच्या आणि तेथून मँचेस्टरला. पुढे मँचेस्टरने त्या ऋणाची थोडी परतफेड म्हणून की काय, १९२१ साली घडविलेले एक वाफेचे इंजिन इकडे धाडले, आणि ते १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे माणसानेही पेन्शन घेऊन तीर्थयात्रा उरकाव्यात इतकी वर्षे, ह्या गाडीला ओढत राहिले. लोकांनी तिचे नाव ठेविले शकुंतला. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले त्यातून ही सुटली : मालकी कंपनीची आणि चालविणारे सरकार. दुष्यंताने विसरलेल्या स्त्रीचे नाव तिला कोणी दिले हे ठाऊक नाही, पण देणारा जाणता असला पाहिजे.

तिचा वेग ताशी वीस किलोमीटरांच्या आसपास. आमच्या शेजारचे एक गृहस्थ दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर गाडी चुकली असता मुळीच खंत न करता सायकलीवर बसत, लाडखेडला जात, आणि गाडी येईपर्यंत तेथे चहा घेत. ह्या पार्श्वभूमीवर मास्तरांनी एके दिवशी शिकविलेले ‘ट्रेन रन्स’ हे वाक्य ऐकून मागल्या बाकावरच्या एका अडाणी पण सत्यनिष्ठ विद्यार्थ्याने, ‘मास्तर, ही अतिशयोक्ती आहे का?’ असे विचारले, आणि अलंकार व व्याकरण एकाच तासात शिकविण्याची पाळी आल्यामुळे मास्तरांनी छडीचा आश्रय केला. विद्यार्थी मी नव्हतो. छडी मात्र मला दोन बसल्या, कारण हसणारा मी होतो.

घरी आजोबा होते. ते तहसील कचेरीपुढच्या कडुनिंबाखाली बसणारे अर्जनवीस. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तरी फारसी शब्द काही त्याच्याबरोबर हैदराबादेस परत गेले नाहीत. ते आजोबांच्या बोरूत वस्तीला राहिले. ‘अर्जदार बेरोजगार व नातवान असून’ अशी सुरुवात केल्याशिवाय त्यांना घरातले दूधसुद्धा मागता येत नसे, असे आजी म्हणे. माझी कैफियत त्यांनी पूर्ण ऐकून घेतली, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि निकाल दिला, ‘बाबू, साहेबाचं सगळं धावते. आपलं सगळं चालते. त्याला घाई, आपल्याला मुदत.’

ह्या एका वाक्यावर मी आजवर विचार करीत आलो आहे. खरोखर, आपल्या भाषेत धावणे हे मुळी माणसाचे कामच नव्हे, ते देवाचे. गजेंद्रासाठी तो धावतो, द्रौपदीसाठी धावतो; आपण एका जागी बसून फक्त धावा करायचा. (अमुक खेळाडूने शंभर धावा केल्या असे वर्तमानपत्रातून वाचून दाखविले तेव्हा आजोबांनी त्याच्या भक्तीची मनःपूर्वक तारीफ केली होती.) माणसाने करावयाचे ते चालणे, आणि ते आपण इतक्या प्रकारांनी करतो की त्यासाठीही कोणी नऊ महिने बसायला हरकत नाही. घड्याळ चालते, दुकान चालते, वशिला चालतो, जीभ चालते. खटला वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यात वाडवडिलांपासून चालत आलेली वहिवाट सिद्ध करण्यासाठी दाखल केलेला दस्तऐवज अखेरच्या तारखेला चालत नाही. चाल बुद्धिबळात असते, गाण्याला असते, आणि तिच्यात ऊ-कार मिळविला की चालू मनुष्य तयार होतो, जो एका जागी बसूनही चालूच असतो. ‘चालेल’ ह्या शब्दात तर संमती, नाइलाज, उपेक्षा आणि लग्नाची पसंती हे चारही भाव एका किमतीत मिळतात. आणि ‘अण्णा चालले’ असा निरोप आला तर ऐकणाऱ्याने धोतर सावरून धावत सुटावे की नाही, हे अण्णांचे वय पाहून ठरवावे लागते.

परंतु आजोबांचा सिद्धांत अपुरा होता, हे दाखवून देण्याचे श्रेय आमच्या आत्याच्या यजमानांकडे जाते. ते पुण्याचे. शुद्ध मराठी ही एक बंदिस्त बाग असून आपण तिच्या फाटकावर नेमलेले कारकून आहोत, अशा जबाबदारीने ते बोलत. पहिल्या दिवाळसणानंतर यवतमाळला जाण्यासाठी ते भल्या पहाटे मोतीबाग स्टेशनावर गेले आणि हमालाला विचारते झाले, ‘गाडी आली का हो?’

‘येऊन राह्यली, जवाईबापू.’

आता वऱ्हाडात ‘येऊन राहिली’ म्हणजे येत आहे. पुण्यात मात्र येऊन राहिली म्हणजे आली, उतरली, बिऱ्हाड केले. आत्याच्या यजमानांनी फलाटाचे एक टोक पाहिले, दुसरे टोक पाहिले, मालधक्क्यामागे जाऊन पाहिले, आणि गाडी येऊन राहिली असेल तर नेमकी कोणाकडे राहिली असेल ह्याचा विचार करीत परत आले. ‘दिसत नाही,’ ते म्हणाले. ‘कशी दिसन?’ हमाल म्हणाला, ‘अजून येऊनच तं राह्यली.’ मग त्यांनी तिकीटबाबूंची चौकशी केली. बाबू जेवून राह्यले होते. ज्या अर्थी ते जेवून राहिले आहेत त्या अर्थी जेवण आटोपून इथेच कुठेतरी असतील, अशा हिशेबाने जावई अर्धा तास बंद खिडकीपुढे उभे राहिले. आतून ताटाचा आवाज येत होता. परतल्यावर त्यांनी सासरेबुवांपुढे तक्रार गुदरली की, ह्या प्रांतात कोणतीही क्रिया पूर्ण का होत नाही आणि सुरू झालेली प्रत्येक क्रिया येथे मुक्कामाला का राहते. आजोबा ह्यावर बराच वेळ गप्प राहिले. बहुधा विचार करून राहिले होते.

माझे स्वतःचे मत जावयाच्या विरुद्ध आहे. व्याकरणकार त्याला हिंदीच्या शेजाराचा परिणाम म्हणोत. मला तर ‘राहणे’ हे आमच्या मातीचे सर्वांत सत्यवचनी क्रियापद वाटते. शकुंतला येत आहे, असे म्हणणाऱ्याने तिच्यावर गतीचा आरोप केला. ती येते, असे म्हणणाऱ्याने नियमिततेचा. तिचे येणे आणि तिचे राहणे ह्या दोन्ही गोष्टींना एकाच दमात न्याय देणारा प्रयोग जगातल्या कोणत्या भाषेत आहे? तर्खडकरांची पाठमाला ह्या एका स्टेशनावर तरी आमच्या हमालाच्या हाताखाली गेली असती.

निवडणुकीचेच पाहा. अमेरिकन मनुष्य निवडणुकीसाठी धावतो, इंग्रज मनुष्य तिच्यासाठी उभा असतो. ह्या एका गोष्टीत इंग्रजाने धावणे सोडले, हे त्याच्या समंजसपणाचे लक्षण समजले पाहिजे. आपला उमेदवार उभा राहतो. आणि आमच्या बाजूला तर तो ‘उभा राहून राहिला’ असतो, म्हणजे अजून पुरता उभा झालेला नसतो तोच त्याला बसविण्याची खटपट सुरू होते. उभे राहणे, बसणे, बसविणे, पडणे, निवडून येणे : एवढ्या सगळ्या कवायतीत धावणे औषधालाही नाही. जे टिकते ते राहणेच. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. तितके सलग राहणे त्यानंतर कोणाला साधलेले नाही. माझी शंका अशी की, क्रियापद घरचे होते.

‘लागणे’ ह्या आणखी एका महापुरुषाविषयी लिहावे असे फार मनात होते. नोकरी, भूक, आग, नाद आणि पत्ता हे सर्व एकाच क्रियापदाने लागावेत, आणि ‘गाडी लागली’ असे म्हणताच एकाने फलाटाकडे तर दुसऱ्याने लिंबाकडे धाव घ्यावी, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तूर्त तो तहकूब.

शकुंतला पुढे बंद पडली. मोतीबागेच्या रुळांवर गवत माजले आहे. मात्र वर्धा-यवतमाळ-नांदेड अशा मोठ्या गाडीचा मार्ग घातला जात आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्यापासून चिंतामणीच्या कळंबपर्यंतच्या टप्प्यावर गाडी सुरूही झाली. त्याच उन्हाळ्यात काही कामाने यवतमाळला जाणे झाले. भर दुपारी एका चहाच्या टपरीपुढे माझ्याच वयाचे एक गृहस्थ डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाकावर बसले होते. वर्तमानपत्र वाचणारे दिसले म्हणून मी विचारले, ‘काहो भाऊ, कळंबची गाडी यवतमाळला कधी येणार म्हणतात?’

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, कळंबच्या दिशेला एकवार पाहिले, आणि ‘येऊन राह्यली नं,’ असे म्हणून मला बसायला बाकावर जागा करून दिली.