‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणाऱ्या बाईंस अनावृत पत्र

हिंजवडी, फेज टू

बाई,



बँक, विमा, गॅस, मोबाइल, कुठेही फोन लावला तरी उचलता तुम्हीच. इतक्या ठिकाणी नोकरी करूनही तुमच्या आवाजात थकवा नाही, याचं मला कौतुक आहे. अडतं एवढंच, की मला तुमचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत.

माझे कान गेलेत ते वरच्या पट्टीत. स्वर येतात, पण स, श, फ, थ वाटेतच गळतात. त्यामुळे ‘सात दाबा’ आणि ‘आठ दाबा’ यांतला ‘आ’ तेवढा माझ्या वाट्याला येतो. मध्यंतरी कार्ड बंद करायला निघालो आणि कर्ज विभागात पोचलो. तिथल्या मुलानं फार आपुलकीनं चौकशी केली, असं बायको सांगते. ओरडून उपयोग नाही; ‘आ’ मोठा होतो, ‘स’ जिथल्या तिथे. शिवाय साधी फोनलाइन 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे पाठवतच नाही, आणि ‘स’चा बराचसा ऐवज त्याच्याही वर. श्रवणयंत्र तरी काय करणार? जे आलंच नाही ते मोठं कुठून करणार?

मग दिव्यांगांच्या सवलती घ्या, म्हणाल. घेतल्या असत्या. पण 2016चा कायदा दोन्ही कानांत किमान 60 डेसिबलची घट मागतो आणि माझी भरली 54. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानातली घट 35च्या पुढे गेली की ती जगण्यात आड येणारी धरते. म्हणजे जिनिव्हात मला ऐकू येत नाही आणि हिंजवडीत येतं. ही घट मोजायला एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. कान-नाक-घसा ओपीडीबाहेर शिपाई नावं पुकारत होता. ज्यांना ऐकू आलं ते आत गेले.

खरी गंमत पुढेच आहे. पोटासाठी मी ॲप तपासतो. 28 जून 2025पासून युरोपात बँकिंग, तिकिटं, ऑनलाइन खरेदी अपंगांना वापरता आलीच पाहिजे, असा कायदा लागू झाला. त्यामुळे राजीव गांधी इन्फोटेक पार्कातल्या आमच्या मजल्यावर दिवसभर एकच काळजी: तिकडच्या बहिऱ्या ग्राहकाला प्रत्येक सूचना लेखी दिसते ना, व्हिडिओखाली बोलणं उमटतं ना? एखादी ओळ राहिली तर क्लायंटची मेल रात्री अकराला येते. मग मी शिवाजी चौकाच्या कोंडीत बसून माझ्या बँकेला फोन लावतो, आणि पलीकडून तुम्ही.

अमेरिकेतल्या तुमच्या बहिणी कशा वागतात बघा. 1990च्या कायद्यानं तिथल्या टेलिफोन कंपन्यांना रिले सेवा द्यावी लागते. बहिऱ्यानं टाइप करायचं, मधल्या माणसानं ते समोरच्याला वाचून दाखवायचं आणि उत्तर टाइप करून परत धाडायचं. आपल्याकडे त्याच 2016च्या कायद्याच्या कलम 46नं सरकारी-खासगी सगळ्याच सेवा देणाऱ्यांना त्या दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम आले जून 2017मध्ये. पुढचा हिशेब तुम्हीच करा, आकडे तुम्हाला तोंडपाठ असतात. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं, की त्यांतल्या नियम 15(1)मध्ये नुसते सल्लेच आहेत. न्यायालयानं तो रद्द ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणजे नेमकं काय, ते मला तेव्हा समजलं.

मागणं मोठं नाही. तुमच्या नऊ आकड्यांतला एक आम्हाला द्या, आणि कृपा करून तो सात किंवा आठ नको. दाबला की मोबाइलवर मेसेज यावा आणि लिहिलेलं वाचायला तिकडे जिवंत माणूस बसलेला असावा. ओपीडीबाहेर नंबराचा लाल बोर्ड लावा. बँकेत पासबुक भरायला तो चालतो, मग कान तपासायला का नको? आणि ज्याची घट 54 आहे त्यालाही हे सगळं मिळावं. लिहून सांगायला प्रमाणपत्र कशाला लागतं?

तोवर एक छोटं काम करा. हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होतो, असं तुम्ही दर वेळी सांगता म्हणे. तो कुणाकडून तरी टाइप करून मला पाठवा. इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी काय बोलताय, ते एकदा वाचायचं आहे.

आपला,
पुन्हा शून्य दाबणारा एक ग्राहक