गोचीड आणि जवाईबुवा

पोळ्याला सासुरवाडीत पहिला मान बैलांचा, जावयाचा नंबर मागून. आर्णीजवळच्या त्या गावी हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. खांदशेकणीच्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळून, हात जोडून सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.’ मला फक्त फोन येतो, तोही येताना यवतमाळहून बेगड आणि घुंगरं आण म्हणून.

गेल्या पोळ्याला आमचं सहा वर्षांचं चिरंजीव दिवसभर कोठ्यात बैलाच्या गळ्यात पडून होतं. संध्याकाळी आंघोळ घालताना बायको म्हणाली, “याच्या कानामागे हा तीळ कधी आला?” मी वाकून बघितलं. तिळाला पाय होते.

“गोचीड!” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की दारातला बैलही उठून उभा राहिला.

बायकोनं शांतपणे विचारलं, “अहो, पर्समध्ये भुवयांचा चिमटा आहे, देऊ का?” ही काय शृंगाराची वेळ आहे, म्हणून मी तिला झापलं आणि फोन घेऊन गच्चीवर धावलो, कारण रेंज तिथंच मिळते. फोननं मला थेट अमेरिकेत नेलं. तिथल्या कनेक्टिकटमध्ये लाईम नावाचं गाव आहे, त्यावरून एका आजाराला लाईम म्हणतात. हरणांवरच्या गोचिडीपासून होतो, अंगावर नेमबाजीच्या चकतीसारखा लाल गोल उठतो. आमच्या बैलानं अमेरिकन हरीण जन्मात पाहिलेलं नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खाली येईपर्यंत माझं निदान पक्कं झालं होतं.

मग उपचार. खोबरेल तेल लावलं. गोचीड चकाकली, हलली नाही. साळ्यानं मातीचं तेल आणून दिलं. पोरगं शिंकलं, गोचीड तशीच. शेवटी माचिसची काडी पेटवून विझवली आणि तिचं गरम टोक गोचिडीला लावायला गेलो. पोरानं मान फिरवली आणि चटका माझ्या अंगठ्याला बसला. सासूबाई कडाडल्या, “जवाईबुवा, लेकराच्या कानाले आग लावता काय?”

“चिमटा देऊ का?” बायकोनं दुसऱ्यांदा विचारलं. मी मोटारसायकलला किक मारली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं बारीक टोकाचा चिमटा घेतला, अगदी कातडीलगत गोचिडीचं तोंड धरलं आणि न पिळता, न झटकता, हळूहळू सरळ वर ओढलं. अर्धा मिनिट. मग साबणपाण्यानं जागा धुतली. पोरगं विचारत होतं, “मला दाखवा ना!” त्याच्या हट्टापायी गोचीड चुन्याच्या रिकाम्या डबीत बंद झाली.

तेलाचा वास डॉक्टरांना आलाच. तेल, राकेल, चटका किंवा बोटांनी चिरडणं, यानं गोचीड पोटातलं सगळं जखमेतच ओकू शकते, असं ते म्हणाले. मी अंगठा पाठीमागे लपवला. लाईमचं नाव काढल्यावर ते हसले. आपल्याकडे गोचिडीमुळे अंगावर ठिपके उठणारा ताप येतो, तो बघा म्हणाले. तिकडे सिंधुदुर्गात दोडामार्गला 2016 साली माकडताप आला, तोही गोचिडीचाच. 2018 साली नागपूरकडे ज्यानं माणसं दगावली तो स्क्रब टायफस मात्र गोचिडीचा नाही, गवतातल्या तिच्याहून बारीक किड्याचा. तीन-चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली तर लगेच यायचं आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगायचं. वेळेत कळलं तर औषध आहे. शिवाय कोठ्यातून आलेल्या पोराचं अंग रोज तपासायचं: कानामागे, केसांत, काखेत, जांघेत.

तपासणीची चिठ्ठी निघाली ती माझ्या नावानं. आजार: अंगठा भाजणे.

घरी येऊन मी सासूबाईंच्या कॅलेंडरवर पोळ्याच्या चौकटीत ‘गोचीड’ लिहिलं आणि पुढचे अठ्ठावीस दिवस मोजून खूण केली. ताप आला नाही. सासूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पान दाखवून सांगतात, “हा आमच्या जवायाचा सण.”

चिमटा आता माझ्या खिशात असतो. बायकोच्या भुवया वाढल्यात.