पोर्शन राहिलेले सर

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये जानेवारीत डोकवा. सगळे बसलेले असतील आणि एकजण उभा असेल. एका हातात चपातीची गुंडाळी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशोब, आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. फेब्रुवारीत रविवार किती आहेत हे त्या गृहस्थाला तोंडपाठ असतं. हे पोर्शन राहिलेले सर. बहुधा दहावीचं विज्ञान यांच्याकडे असतं. गणितही असेल तर त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला जाऊ नये.

जूनमध्ये याच सरांना पाहिलं असतंत तर तुम्ही ओळखलं नसतंत. वार्षिक नियोजनाच्या वहीला खाकी कव्हर, घटकांची नावं लाल शाईत, तासिका निळ्या शाईत. दहावीच्या विज्ञान भाग 1 चा पहिला धडा गुरुत्वाकर्षण, आणि वेल्ह्याच्या शाळेत समोर तोरणा! (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडात येतं.) उंच गेलं की गुरुत्व त्वरण कमी होतं, ही गोष्ट पुस्तकात एका तक्त्यात संपते. सरांचं तेवढ्यात कसं संपावं? तोरणा 1403 मीटर. साठ किलोचे आपले हेडसर स्प्रिंगच्या काट्यासकट तोरण्यावर गेले, तर समुद्रकाठापेक्षा काटा किती कमी दाखवेल? फळा भरतो, पुसला जातो, परत भरतो. उत्तर येतं जेमतेम 26 ग्रॅम. ‘चढताना गळेल तो घाम वेगळा,’ सर म्हणतात आणि वर्ग हसून कोलमडतो. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात चांगला तास हाच. पुढे फेब्रुवारीत सर ज्याला शिव्या घालतात, तोही हाच.

जुलैत भातलावणी. हजेरी घेताना सर नाव पुकारतात आणि उत्तर तिसराच देतो, ‘सर, लावणीला गेलाय.’ रस्त्यात पालक भेटतात. ‘सर, येवढी लावणी उरकू द्या, मग पोरगं तुमचंच हाय.’ सर मान डोलावतात, कारण शनिवारी दुपारनंतर ते स्वतःही गुडघाभर चिखलात असतात. त्यावर पाऊस. जुलै 2024 च्या अतिवृष्टीत कलेक्टरांनी घाटाकडच्या तालुक्यांना सुट्टी दिली, तेव्हा पोरांनी उड्या मारल्या आणि सरांनी वही उघडून निळ्या शाईवर पहिली काट मारली. लावलेलं भात दिवाळीच्या सुमाराला कापायचंही असतं, हे नियोजन करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

मग लोकशाही आली. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान. त्याआधी ट्रेनिंग, मग दुसरं ट्रेनिंग, मग साहित्य ताब्यात घेणं, मतदान, आणि मध्यरात्री साहित्य जमा करायची रांग. यू-डायसची माहिती, स्नेहसंमेलन आणि सहल यांचा हिशोब मी धरतच नाही. हे सगळं होईपर्यंत सर शांत होते, कारण आदल्या वर्षी दहावीची परीक्षा 1 मार्चला सुरू झाली होती. बोर्डानं 2025 ची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू केली. आठ दिवस अलीकडे! ते कळल्यापासून सरांनी चहातली साखर सोडली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आपलं काहीतरी सुटलं पाहिजे म्हणून सोडली.

लक्षणं पुढे वाढत जातात. खडू खिशाला लावून सर पेनानं फळ्यावर लिहू पाहतात. घरी जेवताना बायको म्हणते, ‘अहो, भाजी घ्या ना,’ तर हे म्हणतात, ‘खाली बस.’ मराठीच्या मॅडमचा पोर्शन डिसेंबरातच संपलेला. त्या तिसऱ्या रिव्हिजनविषयी सहज काही बोलल्या, की सर उठून खिडकीशी जातात.

आणि ऐन अशा वेळी तालुक्याच्या गावी एक दिवसाचं प्रशिक्षण निघतं. विषय, शिक्षकांचे ताणतणाव व्यवस्थापन. उपस्थिती अनिवार्य. दहावीचे दोन तास आणि एक जादा तास बुडवून सर तिथे डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात. साधनव्यक्ती म्हणतात, मनात जी चिंता आहे ती कागदावर उतरवा. सर लिहितात: भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे, अवकाश मोहिमा. साधनव्यक्ती कागद वाचून म्हणतात, ‘वा, फार व्यापक विचार करता तुम्ही.’ परत आल्यावर लिंक भरायची असते. ‘आपला ताण कमी झाला का?’ ‘नाही’ला टिक केलं तर खाली कारण लिहायला मोठी चौकट उघडते. सर ‘होय’ला टिक करून मोकळे होतात. बोर्ड परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, पण ते विद्यार्थ्यांसाठी.

खरं व्यवस्थापन शाळेतच चालतं. वर्षभर ज्यांना कोणी विचारत नाही त्या पी.टी.च्या सरांना फेब्रुवारीत भाव येतो. त्यांच्याकडे तास मागायचा तर आधी चहा, मग वडापाव, मग त्यांच्या पुतण्याच्या प्रवेशाचं काम. जादा तास सकाळी साडेसातला ठेवावा, तर केळद-पासलीकडची पोरं एसटीवर अवलंबून. एसटी येईल तेव्हा तास. शिकवण्याची भाषाही बदलते. ‘हे सोपंय, घरी वाचा.’ ‘हे गेल्या वर्षी पडलंय, आता पडणार नाही.’ ‘याची फक्त आकृती.’ शेवटच्या धड्यात मुक्तिवेग येतो, सेकंदाला 11.2 किलोमीटर. तो धडा सर त्याच वेगानं घेतात. क्षेपणास्त्र, उपग्रह आणि चंद्रमोहीम, सगळं प्रार्थनेची घंटा होण्याच्या आत कक्षेत.

तरी एकदाचा पोर्शन संपतो. हॉलतिकिटं वाटून होतात, पोरं पाया पडून जातात. सर एसटी स्टँडवरच्या टपरीवर येतात आणि कितीतरी दिवसांनी म्हणतात, ‘एक चहा. साखर टाक.’ शेजारच्या बाकावरून नववीचं एक पोर दप्तर सावरत उभं राहतं.

‘सर, आमचा ध्वनीचा धडा अजून सुरूच नाय झाला.’

सर कप खाली ठेवतात. ‘तुमचा पी.टी.चा तास कधी असतो रे?’